मुंबईच्या झाडांचं मूळ गाव

भारतातल्या बागांच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण मुघलांच्या चारबागेवरून (चार भागांत आखलेली बाग) थेट कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनवर उडी मारलीत आणि मुंबईला एका ओळीत गुंडाळलंत. निदान भायखळ्याची राणीची बाग हवी होती! 1862 सालची. त्याआधी शिवडीला हॉर्टिकल्चरल सोसायटीची, म्हणजे बागकामाला वाहिलेल्या संस्थेची, बाग होती. तिथे आता ख्रिस्ती दफनभूमी आहे.

आपण ज्यांना 'आपली' म्हणतो ती रस्त्यावरची झाडं बहुतेक पाहुणीच. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. गोरखचिंच आफ्रिकेतली. कैलासपतीची तर गंमतच. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडातून लोंबतात. गुलाबी, जाड पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा फणा आणि त्याखाली पिंडीसारखा गोळा. वास मस्त. (फळ फुटलं की मात्र नाक दाबून पळायचं.) झाड दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्या लोकांनी त्याला सरळ शंकराच्या पूजेत बसवलं.

एक तक्रार. राज्यपुष्प ताम्हणाचा लेखात उल्लेखही नाही? एप्रिल-मेमध्ये जांभळं होऊन उभं असतं हो ते झाड! पालिकेने रस्त्याकडेला गुलमोहराऐवजी तेच जास्त लावावं असं माझं मत. गुलमोहर दिसतो देखणा, पण दर पावसाळ्यात आडवा होतो आणि गाड्या चेपतो.