हत्तीचा नियम माशाला लावू नका

मोठ्या देहाच्या जीवांना पिल्लं मोजकी होतात आणि ते एकेका पिल्लावर जास्त खर्च करतात. लहान जीव ढिगाने संतती सोडतात. वनस्पतींतही झाड मोठं तर बी मोठं. सबब थोराड, वयस्क मादी पकडली तरी जातीचं काही बिघडत नाही. या अर्थाचं विधान सगळीकडे फिरतंय. हत्ती आणि उंदीर शेजारी ठेवले की ते पटतंही, आणि म्हणूनच ते तपासायला हवं.

पहिला मुद्दा, मोजकी पिल्लं. सस्तन प्राण्यांपुरतं हे बरंचसं खरं आहे. हत्तीण सुमारे 22 महिने गर्भ वाढवते आणि बहुधा एकालाच जन्म देते. पण सनफिश हा समुद्री मासा दोन टनांपर्यंत वाढतो आणि त्याच्या मादीच्या पोटात 30 कोटी अंडी असू शकतात, असा अंदाज आहे. उलट त्सेत्से माशी एवढीशी, तरी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतच दुधासारखा स्राव पाजते. जन्मताना त्या अळीचं वजन जवळपास आईइतकं असतं!

मग मोठे जीव एकेका पिल्लावर जास्त खर्च करतात का? किलोंमध्ये मोजलं तर करतात. आईच्या वजनाशी ताडून पाहिलं की चित्र उलटतं. निळ्या देवमाशाचं पिल्लू दोन-तीन टनांचं, पण आई शंभर टनांच्या पुढची. काही ग्रॅमच्या वटवाघळाचं पिल्लू मात्र जन्मतःच आईच्या वजनाच्या जवळजवळ पाव भाग असतं. किवीचं अंडं मादीच्या पाचव्या हिश्शापर्यंत जातं, शहामृगाचं जेमतेम एक-दोन टक्के.

झाडांचं थोडक्यात सांगतो. सरासरी काढली तर उंच झाडांच्या बिया मोठ्या निघतात, पण सरासरी म्हणजे नियम नव्हे. जायंट सिकोइया 80 मीटरवर जातो आणि त्याची बी काही मिलिग्रॅमची असते. सेशेल्समधला दर्याई नारळ त्याहून कितीतरी ठेंगणा, त्याची बी 15 किलोंच्या पुढे जाऊ शकते.

खरा धोका शेवटच्या मुद्द्यात, म्हणजे थोराड मादी पकडली तरी बिघडत नाही यात आहे, कारण तिथे जातीजातींतला फरक एकाच जातीच्या आत ओढून आणला जातो. एका जातीत बहुधा मोठी मादी जास्त प्रजनन करते, आणि माशांमध्ये वजन वाढतं त्याहून वेगाने. 2018 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात 342 सागरी माशांच्या जातींचा अभ्यास आला, त्यांतल्या सुमारे 95 टक्के जातींत हेच दिसलं. अटलांटिक कॉड या माशाची 30 किलोंची एक मादी 2 किलोंच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या 28 जणींचं एकूण वजन 56 किलो होतं, म्हणजे जवळपास दुप्पट! वाढ मंदावल्यावर अन्नातली ऊर्जा अंड्यांकडे वळते, हे त्यामागचं एक कारण.

तेव्हा 56 किलो लहान मासळी आणि 56 किलो थोराड मासळी पकडणं सारखं नाही. फक्त किमान लांबीची अट घातली (त्याहून लहान मासा पकडायचा नाही) की सगळा भार मोठ्या माशांवर, म्हणजे या थोराड माद्यांवरही येतो. म्हणूनच काही ठिकाणी कमाल लांबीचीही मर्यादा असते आणि त्यापेक्षा मोठा मासा जिवंत परत पाण्यात सोडावा लागतो.