पाषाणची लॅब आणि पेठेतली अभ्यासिका

२००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ९ मार्च २०२०ला महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्णही इथेच सापडले. दोन्ही वेळा एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, हाताशी होती. पुण्यातच पाषाणला तिची बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेची लॅब आहे, तिथली हवा हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी) गाळल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. हे सगळं हवंच. पण हवेतून पसरणाऱ्या आजाराची तयारी म्हटली की आपण लॅब, बेड आणि ऑक्सिजन मोजतो. लागण ज्या खोलीत होते, तिथली हवा मोजायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सदाशिव-नारायण पेठेतली एखादी अभ्यासिका घ्या. तीस बाय वीसची खोली, उंची दहा फूट, साठ खुर्च्या, दोन स्प्लिट एसी, खिडक्या बंद. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच गार करून फिरवत राहतो (हे सांगितलं की निम्मे लोक वाद घालतात). मुलं तिथे दहा-बारा तास बसतात. खोकणारा टीबीचा एक रुग्ण अशा ठिकाणी काय करू शकतो, ते वेगळं सांगायला नको. गोवराचा विषाणू तर रुग्ण उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो.

मोजणं अवघड नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, पण एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा. काही स्वस्त मीटर वाफा मोजून आकडा अंदाजाने ठोकतात. शेजारी सॅनिटायझर उघडलं की उड्या मारतात. आधी गॅलरीत पंधरा मिनिटं ठेवा, ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आसपास आकडा यायला हवा. मग खोलीत टेबलाच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून तीन-चार फूट लांब. आपल्या उच्छ्वासात हा वायू साधारण ४०,००० पीपीएम असतो. म्हणजे खोलीत २००० दिसले, तर साधारण दर पंचविसावा श्वास आधी कोणाच्या तरी फुफ्फुसात जाऊन आलेला आहे.

खोली रिकामी झाली की मीटर तिथेच ठेवून घड्याळ लावा. २०००वरून १०००वर यायला दोन तास लागले, तर तासाला हवा जेमतेम अर्धा वेळा बदलते. अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथली सरकारी रोग नियंत्रण संस्था) किमान लक्ष्य तासाला ५ वेळा आहे. मात्र दाटीच्या खोलीत मी त्या आकड्यावर भरवसा ठेवणार नाही. या खोलीत ५ वेळा म्हणजे तासाला सुमारे ८५० घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने माणशी सेकंदाला १० लिटर धरले, तर साठ जणांना २१६० लागतात. अडीचपट फरक! खोली तीच, माणसं जास्त.

एवढी हवा काढायला एक्झॉस्ट फॅन लागतील. किती, ते खोक्यावरचा घनमीटरचा आकडा बघून ठरवा, आणि जाळी-डक्ट असेल तर त्याहून कमीच मिळेल हे धरून चाला. फॅन एका भिंतीला, हवा आत यायची फट समोरच्या भिंतीला. फॅनशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर हवा तिथून येऊन तिथूनच जाते, मागच्या रांगेला काहीच मिळत नाही. आणि फटच ठेवली नाही तर फॅन नुसताच घरघरतो. एसीचं बिल वाढेल, खरंय. तेवढं परवडत नसेल तर हेपा प्युरिफायर हा दुसरा रस्ता. तो विषाणूचे कण गाळतो, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, त्यामुळे मीटरचा आकडा तसाच दिसेल. तिथे मीटर बघून घाबरू नका, फिल्टर कधी बदलला ते विचारा.

डिपॉझिट भरण्याआधी एक अगरबत्ती न्या. दाराखालच्या फटीशी धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे. जागचा हललाच नाही, तर मान वर करून एक्झॉस्टकडे बघा. बरेचदा गार हवा वाया जाऊ नये म्हणून त्यावर आतून पुठ्ठा चिकटवलेला असतो.