पुढचं पुस्तक कोणतं? सावकाश निवडा, घाई नाही

जुन्या, नावाजलेल्या विज्ञानकादंबऱ्या आणि अद्भुतकादंबऱ्यांपैकी पुढची कोणती वाचावी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. हा प्रश्न नीट जपला तर पाच-सात वर्षं आरामात निघतात आणि एकही पुस्तक वाचावं लागत नाही. मला ही विद्या माझ्या भाच्यानं शिकवली. तो हिंजवडीला नोकरीला असतो, गेल्या शनिवारी दोन दिवसांसाठी कोल्हापूरला आला होता. तो गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून म्हटलं, जे शिकले ते चार लोकांना सांगावं.

सुरुवात यादीनं करा. कागदावरची नको, ती संपल्यासारखी दिसते. लॅपटॉपवरची, रंगीत रकान्यांची करा. भाच्याच्या यादीत १३७ कादंबऱ्या आहेत. साल, पानं, पुरस्कार, लोकांनी दिलेले तारे, सगळं भरलेलं. शेवटचा रकाना 'वाचली' असा. त्यात चार खुणा. जरा खोदून विचारलं तर चारपैकी दोन सिनेमे निघाले.

यादी झाली की क्रमावर या. आसिमॉव्हची 'फाउंडेशन' घ्या. पहिले तीन भाग १९५१ ते १९५३ मध्ये आले, चौथा एकदम १९८२ मध्ये, आणि १९८८ मध्ये त्यांनी या सगळ्याच्या आधीची गोष्ट लिहिली. मग आधी वाचायचं काय, जे आधी छापलं ते की जे आधी घडलं ते? नार्नियाच्या सात पुस्तकांत तर प्रकाशकांनीच घोळ घालून ठेवलाय. १९५० मध्ये जे सगळ्यात पहिलं आलं त्यावर हल्ली दोन नंबर असतो आणि १९५५ च्या पुस्तकावर एक. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून एवढ्यावर दोन तास भांडता येतं. भांडण झालं की भूक लागते. वाचन राहतं.

जाड पुस्तक निवडा. बारीक पुस्तक चुकून संपतं. वेल्सचं 'टाइम मशीन' या बाबतीत फार दगाबाज आहे.

पुस्तक न वाचता पुस्तकाची कुंडली पाठ करा. 'ड्यून' वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारली आणि शेवटी १९६५ मध्ये ज्यानं छापली तो गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढण्यासाठी प्रसिद्ध होता, हे भाचा इतकं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा स्वतः तिथं कंपोझिंगला होता. उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजवाल्यानं महाकादंबरी काढावी तसलाच प्रकार. मला तर प्रकाशकच फार आवडला. पण विचारलं, पुढं काय होतं रे त्या कादंबरीतल्या पोराचं? तर म्हणाला, "आत्या, दोनदा सुरू केली गं, दोन्ही वेळा मागच्या शब्दसूचीतच अडकलो."

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचनालयातून आणायची असेल तर दुसरा खंड आणा. पहिला नसतोच.

आणि जे काही वाचाल ते मूळ इंग्रजीतच, बरं का. अनुवाद म्हणजे अपमान. भाचा म्हणाला, "मी ज्यूल व्हर्न मूळ इंग्रजीत वाचणार." मी हातातली सुरी खाली ठेवली. अरे, व्हर्न फ्रेंच माणूस! त्यांचं 'वीस हजार लीग' इंग्रजीत पहिल्यांदा आलं तेव्हा अनुवादकानं जवळजवळ चौथा हिस्सा कापून टाकला होता, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच मूळ समजून वाचत बसले. लेमची 'सोलारिस' त्याच्या यादीत वरच्या दहात आहे. ती १९६१ ची, पोलिश भाषेतली. १९७० मध्ये तिची इंग्रजी आवृत्ती निघाली ती पोलिशवरून नव्हे, फ्रेंच अनुवादावरून. म्हणजे उष्ट्याचं उष्टं. ते चालतं. पण भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न चालत नाही, कारण तो आपण शाळेत असताना आनंदानं वाचला होता आणि आनंद झाला की पुस्तक हलकं ठरतं.

हवामानाची वाट बघा. मेरी शेलीनं १८१६ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसानं घरात कोंडून घातल्यावर 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं, वय वर्षं अठरा. आपल्याकडे झड लागली की आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. दर तासाला ताजा आकडा. वाचायला वेळ कुठाय?

आता मुख्य सूचना. यादीत मराठी पुस्तक घेऊ नका.

शनिवारी दुपारी भाचा मिसळ बांधून घेऊन आला. कट वेगळ्या पिशवीत, रबर लावून. मी आत कांदा चिरत होते. बाहेर आले तर टेबलावर कटाची वाटी आणि वाटीखाली 'यक्षांची देणगी'. माझी प्रत. कॉलेजात असताना घेतलेली, खाकी कव्हर घातलेली. वाटी उचलली तर खाली लालभडक गोल, कंपासनं काढल्यासारखा, आणि तेल कव्हरातून झिरपत आत पहिल्या कथेपर्यंत गेलेलं. ब्रॅडबरीच्या कादंबरीत पुस्तकं जाळायला बंबवाले येतात. आमच्याकडे बंब कशाला, कटाची एक वाटी पुरते.

म्हटलं, हे काय रे? तर म्हणाला, "सॉरी गं आत्या. मला वाटलं ट्यूशनच्या पोरांचं शाळेचं पुस्तक आहे." मी नाव सांगितलं. तर म्हणतो, "हां, नारळीकर. ते लहान मुलांसाठी ना?"

लहान मुलांसाठी! हा माणूस याच गावात जन्मला, १९ जुलै १९३८ ला. केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली संशोधन केलं. त्या हॉयलची 'द ब्लॅक क्लाउड' तुझ्या यादीत एक्केचाळिसाव्या ओळीत आहे, मी बघितली. गुरू यादीत आणि शिष्य वाटीखाली! १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत विष्णू नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून कुणी नंबर देऊ नये म्हणून. पहिला नंबर आला. त्या परीक्षकांना नाव माहीत नसताना कळलं आणि तुला नाव सांगितल्यावर कळेना? 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचलीस कधी? माणूस आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटून येतो, एवढीशी कल्पना, आणि डोकं दोन दिवस भणभणतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा स्टेटसला फोटो कुणी लावला होता रे? तूच. खाली हात जोडलेले.

असो. उपदेश चालला होता. पाच भागांचा संच मागवा, तो मीटिंगमध्ये पाठीमागे छान दिसतो. प्लास्टिक काढू नका.

आणि तुम्ही काय हसताय? तुमच्याही फोनमध्ये तीच यादी आहे. 'सुट्टीत वाचू', 'निवृत्तीनंतर वाचू', 'आधी कोणता भाग ते बघू'. अहो, कोणताही उचला की! नाही आवडला तर ठेवा खाली, दुसरा घ्या. आसिमॉव्ह काय क्रम चुकला म्हणून तुमच्या दारात येणार आहेत? दहा पानं वाचायची नाहीत आणि शंभर पुस्तकांना तारे वाटत फिरायचं, वर जे दुसऱ्यानं आवडीनं वाचलंय त्याला पोरखेळ म्हणायचं. लाज वाटायला पाहिजे जरा.

आणि भाऊसाहेब, पुढच्या महिन्यात येणार आहेस ना, ये. ते पुस्तक मी पानांमध्ये टीपकागद घालून पाटाखाली दाबून ठेवलंय. हात धुऊन बस आणि वाच. मिसळ आणलीसच तर वाटीखाली वर्तमानपत्र घे. रद्दी दारामागे आहे.