दंडापेक्षा आधी तपासणी सोपी करा
तलावाकाठच्या घरमालकांनी सेप्टिक टँक नियमानुसार ठेवावी म्हणून दंड वाढवा, असं एका लेखात म्हटलंय. दंड असावाच, पण बहुतेकांना बिघाड दिसतच नाही, ही खरी अडचण आहे. टाकी तुंबली तर घरात कळतं. पण सांडपाणी पुरेसं न गाळता जमिनीखालून तलावात जात असेल, तर घरात सगळं सुरळीतच वाटतं.

टाकीत फक्त गाळ खाली बसतो आणि तेलकट साय वर तरंगते. खरं शुद्धीकरण होतं पुढच्या पाझर क्षेत्रातल्या, म्हणजे टाकीतलं पाणी जिथे जमिनीत मुरतं तिथल्या, कोरड्या मातीत. काठावर भूजल वर असतं, मातीचा हा थर पातळ असतो आणि जंतू व फॉस्फरस अडायला वावच उरत नाही. फॉस्फरस काय करतो हे कॅनडातल्या 'लेक २२६' या तलावावरच्या प्रयोगाने १९७३ मध्ये दाखवलं. पडदा लावून तलावाचे दोन भाग केले, दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकातच. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला!

म्हणून माझा आग्रह असा: तपासणीला अनुदान द्या, शेजाऱ्यांनी एकत्र मिळून उपसा करून घ्यावा म्हणजे खर्च वाटला जाईल. साधारण ३ ते ५ वर्षांनी गाळ उपसावा लागतोच. पाझर क्षेत्रावर गाडी उभी करू नका, आणि ओले वाइप्स शौचालयात कृपया टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.