जेवण सोडा, वार सोडू नका

नागपूरहून दादाचा फोन आला की पहिली पाच मिनिटं उन्हावर जातात. गेल्या शुक्रवारी त्याने ऊन वगळलं. म्हणाला, "बाबा काल क्लबात भांडून आले."

बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, आणि भांडण कशावरून? त्यांच्या रोटरी क्लबाची दर गुरुवारची सभा यापुढे महिन्यातून दोनदाच घ्यावी, एकदा हॉटेलात आणि एकदा झूमवर, असा ठराव आलाय. त्यावर बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "आठवड्याची सभा बंदच कराची असन, त क्लबाचं नाव पंधरवडा मंडळ ठेवा ना बाप्पा!" लोक हसले. बाबा हसले नाहीत. मतदान पुढच्या महिन्यात आहे.

दादाही त्याच क्लबात आहे, आणि तो ठरावाच्या बाजूने आहे. त्याची कारणं खोटी नाहीत. मिहानमधून सुटून संध्याकाळी रामदासपेठेत पोचायचं म्हणजे मेट्रोच्या शहरातही तासभर जातो. नवे सभासद तिशी-पस्तिशीचे, त्यांच्या मुलांच्या शिकवण्या संध्याकाळीच असतात. हॉटेलवाल्याने ताटाचा भाव पुन्हा वाढवलाय. शिवाय रोटरीनेच २०१६ साली नियम सैल केलेत, महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालतं. "आणि नियम काय पहिल्यांदा बदलून राह्यला का?" तो म्हणाला. "बायका नव्हत्या घेत, घेतल्याच ना मग?"

क्लबाचं नाव मी लिहीत नाही, बाबांना आवडणार नाही. पण दादाचा शेवटचा प्रश्न माझ्यासाठीच होता, "तुमच्याकडे तिकडे काय असते?" तेव्हा उत्तर देणं भाग आहे. परदेशात बसून घरच्यांना शहाणपण शिकवणाऱ्यांचा मला स्वतःलाच कंटाळा येतो, म्हणून आधी सांगते की आमच्याकडेही हीच चूक झाली होती.

मी मेलबर्नपासून गाडीने दोन तासांवरच्या गावात औषधांच्या दुकानात काम करते. इथल्या रोटरी क्लबात एकोणीस सभासद आहेत आणि पंचेचाळिशीची मी त्यात सगळ्यांत लहान. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला सभा. घंटा वाजते, सार्जंट नावाचा एक आजोबा पत्र्याचा डबा घेऊन फिरतो आणि दंड गोळा करतो. बिल्ला विसरला, एक डॉलर. सभेत फोन वाजला, दोन. नातवाचं कौतुक तीन मिनिटांच्या वर गेलं, दोन. मला नागरिकत्व मिळालं तेव्हा "आता क्रिकेटमध्ये कुठल्या बाजूने?" असं विचारून, मी गप्प बसले म्हणून, पाच डॉलर घेतले. मग कुणीतरी येऊन बोलतं: मधमाश्या पाळणारी बाई, अग्निशमन दलाचा स्वयंसेवक, एकदा तर सेप्टिक टाकीवर चाळीस मिनिटं. शेवटी पुढच्या शनिवारची ड्युटी लावायची. तो कागद हातोहात फिरतो आणि नाव लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, कारण शेजारचा बघत असतो.

शनिवारची ड्युटी म्हणजे बहुतेक वेळा बनिंग्ज या हार्डवेअरच्या अवाढव्य दुकानाबाहेर सॉसेज भाजणं. दुकान जागा देतं, संस्था आपापली माणसं आणि माल आणते, नफा संस्थेचा. पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज आणि परतलेला कांदा. २०२२ मध्ये भाव अडीच डॉलरवरून साडेतीनवर गेला तर देशभर बातम्या झाल्या. त्याआधी २०१८ मध्ये दुकानाने सांगितलं की कांदा सॉसेजच्या खाली घाला, वर घातला तर जमिनीवर पडून कुणी घसरेल, आणि त्यावर तर पंतप्रधानांना मत विचारलं गेलं. मी सावजी रश्श्यावर वाढलेली बाई, मला त्या सॉसेजला चव अशी काही लागत नाही. पण कांदा मी परतते, आणि माझा कांदा लोक मागून घेतात, एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पैशांतून कुणाच्या दारात व्हीलचेअरसाठी उतार बांधला जातो, कुणाला केमोसाठी शहरात नेण्या-आणण्याचं पेट्रोल निघतं. सगळं बारीकसारीक.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेही ठराव आला. वयं झाली, थंडीत रात्री गाडी चालवणं नको, जेवण महाग. सभा पंधरा दिवसांवर गेली. मीही हात वर केला होता. मला बरंच वाटलं, दोन मंगळवार सुटले.

पहिल्या काही महिन्यांत कळलंच नाही काय बिघडलं ते. पंधरवड्यातली एक सभा चुकली की माणूस महिनाभर दिसत नाही, आणि महिनाभर न दिसलेल्या माणसाला फोन करायला जीभ अडखळते. ड्युटीचा कागद ईमेलने फिरू लागला. ईमेलमध्ये शेजारचा बघत नसतो. दोन शनिवार आम्हाला बनिंग्जची तारीख सोडून द्यावी लागली. आणि मग त्या वर्षीच्या जुलैत आमचा सार्जंट घरात पडला. एकटाच राहायचा. शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली, माकडहाडाला मार, इस्पितळ, तिथून पुनर्वसन केंद्र. आम्हाला कळलं तेव्हा बावीस दिवस झाले होते. आधीच्या पद्धतीत तो मंगळवारी दिसला नसता तर बुधवारी सकाळी नऊच्या आत तीन फोन गेले असते. मी त्याला भेटायला गेले तर म्हणाला, "मला वाटलं क्लब बंद झाला." चेष्टेत म्हणाला असेल. मी घरी येऊन बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

त्यानंतर आम्ही पुन्हा दर मंगळवारी भेटू लागलो, पण जेवणाशिवाय. गावच्या वाचनालयातली मागची खोली फुकट मिळते. चहा, बिस्किटं, पन्नास मिनिटं, की घरी. दोघांनी या बदलामुळे क्लब सोडला, त्यांना जेवणच हवं होतं. गेले.

म्हणून दादा, माझं म्हणणं असं की नागपूरच्या वादात दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढल्या गेल्यात. हॉटेल परवडत नाही हे खरं. पण मग हॉटेल सोडा ना, गुरुवार कशाला सोडता? तुम्हाला सभेचं ओझं झालंय की पनीर बटर मसाल्याचं?

रोटरीची सुरुवातच बघ. २३ फेब्रुवारी १९०५, शिकागो. पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचा कोळसा विकणारा मित्र आधी एका इटालियन खानावळीत जेवले, आणि जेवण उरकून मग एका खाण अभियंत्याच्या ऑफिसात सभेला गेले. युनिटी बिल्डिंग, खोली ७११. चौघं होते. पुढची सभा दुसऱ्याच्या ऑफिसात, त्याच्या पुढची तिसऱ्याच्या, अशी पाळीपाळीने फिरत गेली म्हणून नाव रोटरी. म्हणजे ज्या संस्थेचं नावच एकमेकांच्या ऑफिसात जाण्यावरून पडलं, तिने बँक्वेट हॉलच्या भाड्यापायी भेटणंच कमी करायचं!

बायकांचा मुद्दा तू काढलास, तर तोही घे. आपली आई किती वर्षं 'इनर व्हील'मध्ये होती, म्हणजे रोटेरियनांच्या बायकांच्या मंडळात. बाबांच्या क्लबाचे वह्यावाटपाचे कार्यक्रम आठवतात ना? वह्या मोजायच्या आईने, गठ्ठे बांधायचे आईने आणि शेजारच्या काकूंनी, आणि फोटोत सफारी घातलेले आठ पुरुष. कॅलिफोर्नियातल्या एका क्लबाच्या खटल्यात १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर बायकांना दार उघडलं. त्या नियमबदलाने क्लबात हात वाढले. तुमच्या नियमबदलाने हात कमी होतील. दोन्हीला एकच माप लावू नकोस.

आता तू म्हणशील, तिकडचं कौतुक पुरे. बरोबर आहे. आमचा क्लब आणखी दहा वर्षांनी असेल का, मला सांगता येत नाही. पलीकडच्या गावचा केव्हाच मिटला. तुमच्याकडे तिशीचे लोक दार ठोठावतात, भले त्यातले निम्मे ओळखीपाळखी वाढवून धंदा मिळवायला येत असोत. तुमचे डॉक्टर गडचिरोलीच्या आतल्या गावांत शिबिरं घेतात; आम्ही फार तर चेक लिहितो. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा मी नववीत होते, आईबरोबर बूथवर बर्फाच्या डब्याशेजारी बसले होते, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा इथल्या सभेत मी ते सांगताना माझा आवाज बसला. सार्जंटने भावुक झाल्याबद्दल एक डॉलर घेतला.

आणि नागपूरला सेवा शिकागोने शिकवली असंही कुणी समजू नये. मेलबर्नमध्ये रोटरी आली ती १९२१ मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे लहान वयात विधवा झालेल्या, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ सुरू केला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा रस्त्यारस्त्यावर अन्नदान करणाऱ्यांच्या छातीवर कुठला बिल्ला असतो? उन्हाळ्यात चौकाचौकातल्या प्याऊवर माठ भरणारा माणूस बॅनर छापत नाही. (छापतो, हल्ली छापतो. नगरसेवक व्हायचं असलं की छापतो.)

मला सगळ्यांत जास्त आठवतो तो २३ सप्टेंबर २०२३. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीने काठ सोडले आणि अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत घरांत पाणी. सैन्य बोलवावं लागलं. तू मला पहाटे फोन केला होतास, मावशीच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. मावशीला खांद्यावर घेऊन कोणी बाहेर काढलं? गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी. गणपती बसून चारच दिवस झाले होते. ती पोरं रोज रात्री मंडपात भेटत होती, कुणाकडे दोर आहे, कुणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. बाबांच्या क्लबाची मदतही पोचली, चांगली पोचली, चादरी आणि औषधं. पण आठव्या दिवशी, आणि बॅनर छापून झाल्यावर. त्या पोरांवर दिवसभर तू डीजेवरून करवादत असतोस, म्हणून मुद्दाम आठवण देते.

तर माझी सूचना, मताचा अधिकार नसलेल्या बहिणीची. गुरुवार ठेवा. संध्याकाळ सोडा, सकाळी सातला भेटा, म्हणजे शिकवण्या आणि ट्रॅफिक दोन्ही सुटतात. जागा पाळीपाळीने प्रत्येकाच्या ऑफिसात, नाहीतर मनपाच्या एखाद्या शाळेत, म्हणजे ज्या शाळेला वह्या देता तिचं छप्पर गळतंय की नाही तेही दिसेल. खायला तर्री-पोहे, पाऊण तास, आणि नऊच्या आत सगळे कामाला. हॉटेलात वर्षातून एकदा, नवा अध्यक्ष पद घेतो तेव्हा, जा आणि पोटभर जेवा. झूम आजारी माणसासाठी ठेवा.

हे सगळं मी बाबांना व्हॉइस मेसेजवर पाठवलं. साडेचार तासांनी मागे असलेल्या नागपुरातून लगेच उत्तर आलं. सात वाजता गुडघे चालत नाहीत, साडेसात करा, आणि पोहे ऑफिसातल्या पोऱ्याकडून मागवायचे नाहीत, ज्याच्याकडे सभा त्याने स्वतः उभं राहून आणायचे. दादाने तो मेसेज ऐकलाय, दोन निळ्या खुणा दिसतात. अजून काही लिहिलेलं नाही.