कुंडात साबण नको म्हणजे नको!

थंडी पडली की साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे आरवली-तुरळची गरम पाण्याची कुंडं. आणि पोहोचताच लोक शाम्पूच्या पुड्या फाडतात! अहो, कुंड म्हणजे घरची मोरी आहे का? फेस साचतो, पायऱ्या बुळबुळीत होतात, म्हातारी माणसं घसरतात.

वर "खाली ज्वालामुखी आहे" हे पालुपद. दख्खनचा लाव्हा थंडावून ६ कोटींहून जास्त वर्षं झाली! पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. तिथे दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी उष्णता वाढते. तेच तापलेलं पाणी वर येतं.

उडी मारू नका. आधी तांब्याभर पाणी काढून निववा, मग अंगावर घ्या. गरगरलं तर लगेच बाहेर. चांदीचे पैंजण काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात.