हाउन्स्लोवरचं विमान, होटगी रोडवरचं विमान

लंडनमध्ये मी हाउन्स्लोला राहतो. हीथ्रोला उतरणारी विमानं इतक्या खालून जातात की फोनवर आईशी बोलताना मध्येच गप्प बसावं लागतं. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीला माझा विरोध आहे. 2018 साली इथल्या संसदेने तिच्या बाजूने कौल दिला, फेब्रुवारी 2020 मध्ये अपील कोर्टाने हवामानाच्या मुद्द्यावर ते प्रकरण अडवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो अडसर काढला. एवढ्या काळात आवाज, धूर, लहान मुलांची झोप यांवर जे जे छापून आलं ते मी जपून ठेवलं. धावपट्टीच्या बाजूचं जे आलं ते मथळा पाहून सोडून दिलं.

आणि त्याच वर्षांत सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून विमान उडावं म्हणून मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्ररात्र वाद घालत होतो. तिथल्या वस्तीला आवाज होईल, हे एकदाही मनात आलं नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची उंच चिमणी विमानांना अडथळा ठरते, असा एका बाजूचा दावा होता. सभासद शेतकऱ्यांचं म्हणणं, कारखाना मोडण्याचा हा घाट आहे. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 15 जून 2023 ला महापालिकेने चिमणी पाडली. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं आणि गोव्याचं विमान सुटलं ते जून 2025 मध्ये.

आमचा ग्रुप फुटला तो या मधल्या दोन वर्षांवरून. मामा म्हणाला, चिमणी पडून दोन वर्षं विमान आलं नाही, म्हणजे अडथळा चिमणीचा नव्हताच. मी म्हणालो, चिमणी पडल्याशिवाय पुढची कामं आणि परवानग्या सुरूच होऊ शकत नव्हत्या, म्हणून दोन वर्षं लागली. तारखा त्याच होत्या, पण त्या वाचून आम्ही दोघं आणखी लांब गेलो.

1979 साली स्टॅनफर्डमध्ये फाशीच्या शिक्षेवरून असाच प्रयोग झाला होता. निम्मे विद्यार्थी फाशीच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीने गुन्हे कमी होतात म्हणणारा, एक होत नाहीत म्हणणारा. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला आणि दुसऱ्यात खोट दिसली. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मतावर जास्तच घट्ट झाले. याला कन्फर्मेशन बायस म्हणतात. साध्या मराठीत, आपल्याच म्हणण्याला दुजोरा शोधत फिरणं.

त्याआधी, 1960 मध्ये, पीटर वेसन या लंडनच्याच मानसशास्त्रज्ञाने लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. लोक 8, 10, 12 असे आकडे सुचवत, ‘बरोबर’ असं उत्तर मिळे आणि ‘दोन-दोनने वाढतात’ असं ते ठामपणे सांगत. नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. 29 पैकी 6 जणांनाच पहिल्या झटक्यात तो सापडला. 1, 2, 37 विचारून पाहिलं असतं तरी कळलं असतं, पण आपला अंदाज चुकवणारा आकडा विचारायचं बहुतेकांच्या मनातच येत नाही.

परदेशात राहणाऱ्याला लांबून सगळं स्वच्छ दिसतं, असं आपल्याकडे मानतात. मीही मानत होतो. आता मला उलटंच वाटतं. सोलापुरात राहणाऱ्याला दुसरी बाजू टाळता येत नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत कुणीतरी ऊसवाला भेटतोच आणि तोंडावर ‘खोटं आहे’ म्हणतो. मला असं कुणी भेटत नव्हतं. मी फोनवर शोधायचो तेच ‘चिमणीमुळे विमानतळ रखडला’ असं. प्रश्नातच उत्तर लिहिलेलं, मग समोर दुसरं काय येणार?

या जानेवारीत गड्ड्याला गेलो तेव्हा मामाच्या रानात बसलो होतो. मी पुन्हा विमानाचा विषय काढला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझ्या घरावरनं विमान गेलं की तू सरकारला कागद लिहितोस. माझ्या उसावरनं गेलं की मी टाळ्या वाजवायच्या व्हय रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिमणी राहायला हवी होती असं मी आजही म्हणत नाही. सोलापूरला विमान हवंच होतं. मुंबई-पुण्याकडे निघून गेलेली आमची पोरं पाहिली की ते जास्तच पटतं. पण चिमणी पडल्यावर ऊस दुसऱ्या कारखान्याला घालायचा तर वाहतुकीला काय पडतं, बिल किती दिवसांनी येतं, हे मी त्या दिवशी मामाला पहिल्यांदा विचारलं. इतकी वर्षं मत देत होतो आणि हे विचारलं नव्हतं. मामा तासभर बोलत राहिला. मधे एकदाही मी ‘पण’ म्हणालो नाही, आणि ते मला फार जड गेलं.

हाउन्स्लोत आमच्या शेजारी एक पंजाबी आजोबा राहतात. त्यांनी उभं आयुष्य हीथ्रोवर सामान चढवण्यात घालवलं आणि आता त्यांची नात तिथेच कामाला आहे. तिसऱ्या धावपट्टीबद्दल त्यांना काय वाटतं, हे मी बारा वर्षांत कधी विचारलेलं नाही. या रविवारी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे.